हे काय, लोह्यातच आहे

लातूरहून नांदेडला निघालं की चाकूर, अहमदपूर, माळाकोळी अशी गावं मागं टाकत गाडी लोह्याला पोचते. तिथून नांदेड तीसेक किलोमीटर. नकाशावर लोहा म्हणजे एक तालुक्याचं गाव, बस्स. फोनवर मात्र लोहा हे मराठवाड्यातलं सर्वांत गजबजलेलं शहर आहे. या रस्त्यानं येणाऱ्या कुठल्याही माणसाला कधीही 'कुठवर आलाव?' म्हणून विचारा, तो लोह्यातच असतो. असं सांगणारी सगळी माणसं एखाद्या दिवशी खरोखर तिथं असती, तर बसस्थानकात पाय ठेवायला जागा उरली नसती आणि लोह्याच्या नगरपरिषदेची महापालिका करावी लागली असती.

माझी बहीण नांदेडला दिलेली. त्यामुळं मोबाईल आल्यापासून मी लोह्यात आहे. दाजींचा फोन येतो तेव्हा मी लातुरात आरशासमोर असतो, एका गालाला साबण, दुसऱ्या गालाला फोन. "यायलालो दाजी," मी म्हणतो, "हे काय, लोह्यातच आहे." "बरं बरं, या," दाजी म्हणतात. पुढं चार तासांनी मी त्यांच्या दारात चपला काढतो आणि नेमका त्याच वेळी आतून उकळत्या चहाचा वास येतो. लोह्याहून नांदेडला यायला चार तास कसे लागले, हे दाजींनी आजवर एकदाही विचारलेलं नाही. चहा इतका वेळेवर कसा होतो, हे मीही विचारलेलं नाही.

'यायलालो' हे रूप पुण्या-मुंबईच्या वाचकांना जरा समजावून सांगायला हवं. लातूरकडं यायलालो, करायलालो, जायलालो. नांदेडकडं येऊलालो, करूलालो, जाऊलालो. प्रमाण मराठीत त्याचा अर्थ 'येतोय' असा सांगतात, आणि तिथंच गल्लत होते. 'येतोय' म्हणणारा माणूस निदान जागचा हललेला असतो. 'यायलालो' म्हणणाऱ्यावर तसं काही बंधन नाही. यायचं मनात आलं तिथपासून समोरच्याच्या घरी पाट मांडून बसेपर्यंतचा सगळा प्रवास या एका रूपात मावतो. शाळेत भूत, वर्तमान आणि भविष्य असे तीन काळ शिकवतात. आमच्याकडं चौथा आहे, लालो-काळ. बराचसा मराठवाडा याच काळात राहतो. रस्ता होऊलालाय, पूल होऊलालाय, पोरगं शिकूलालंय, मी वजन कमी करायलालो.

हा काळ आमच्या नशिबातच असावा. देश 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, आम्ही 17 सप्टेंबर 1948 ला. तेरा महिने उशीर. तो उशीर आमचा नव्हता, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं गेलेल्या माणसांनी तो जिवावर उदार होऊन संपवला. त्यांच्यावर विनोद करायची माझी टाप नाही. पण त्या तेरा महिन्यांत दिल्लीहून कुणी निजामाला फोन करून 'कुठवर आलाव?' असं विचारलं असतं, तर काय उत्तर मिळालं असतं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी बँकेत होतो. आमच्या लातूरच्या शाखेत एकदा पुण्याहून बदली होऊन साहेब आले. स्वच्छ बोलणारे, दुसऱ्याचं बोलणं शब्दशः ऐकणारे, आणि म्हणूनच पहिले सहा महिने पूर्ण गोंधळलेले. पहिल्याच दिवशी ते गंजगोलाईत हरवले. ज्यांनी गोलाई पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार, आणि त्या गोलातून फुटणारे सोळा रस्ते. साहेबांनी एका पानवाल्याला बँकेचा पत्ता विचारला. "सरळ जावा की," पानवाला म्हणाला. साहेब सरळ गेले आणि सोनारांच्या दुकानांत पोचले. परत आले. "सरळ म्हणालात ना?" "सरळच हाय." ते दुसऱ्या रस्त्यानं सरळ गेले, तर चपलांचा बाजार लागला. गोलाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला सोळाच्या सोळा रस्ते सरळच असतात, ही भूमिती साहेबांच्या लक्षात आली नव्हती. पानवाल्याच्या मते सरळ रस्ता एकच होता, तो ज्या रस्त्याकडं तोंड करून बसला होता तो. सहाव्या फेरीला त्याला दया आली. गल्ला पोराच्या ताब्यात देऊन त्यानं साहेबांना बँकेच्या दारात आणून सोडलं.

"अहो, हे आधी नीट सांगितलं असतं तर?" साहेब म्हणाले.

"सांगून सापडलं असतं का साहेब?" पानवाला म्हणाला आणि गेला.

यातला कोण स्पष्ट बोलत होता हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण पोचवलं कुणी हे पक्कं ठाऊक आहे.

साहेबांची खरी परीक्षा वसुलीत झाली. ते थकबाकीदारांच्या दारोदार हिंडले, प्रत्येकाशी अदबीनं बोलले आणि प्रत्येकाचं उत्तर डायरीत टिपून घेतलं. नव्वद टक्के माणसांनी 'भरू की' असं सांगितलं होतं. साहेबांनी त्यांच्या नावापुढं 'भरणार' असं लिहून हिरवी खूण केली. मार्च उजाडला. डायरी हिरवीगार होती आणि खाती कोरडी ठणठणीत. तेव्हा आमच्या शाखेतला जुना शिपाई, जो अशा प्रसंगी नेहमी दाराशीच उभा असायचा, आत आला आणि त्यानं साहेबांची शिकवणी घेतली.

"साहेब, 'भरतो' म्हणाला तर तो विचार करायलाय. 'भरू' म्हणाला तर विचार करून झालाय, भरणार न्हाई. 'भरू की' म्हणाला तर तुम्ही कामून आलाव असं विचारायलाय. 'बघू' म्हणाला तर चहा घेऊन उठायचं. आन् 'टेन्शन घेऊ नका साहेब' म्हणाला तर मात्र घ्या."

"मग भरणारा माणूस काय म्हणतो?"

"भरणारा काही म्हणत नसतोय. भरून जातोय."

साहेबांनी ही वाक्यं डायरीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतली. पुढच्या वर्षी वसुली सुधारली आणि पुढं त्यांना बढती मिळाली. निरोप समारंभात 'पुन्हा लातूरला कधी येणार?' असं कुणीतरी विचारलं. "बघू," साहेब म्हणाले. सगळ्या शाखेनं टाळ्या वाजवल्या. माणूस तयार झाला होता.

आता माझ्या भाच्याबद्दल. भाचा नांदेडचा, पण नीटच्या तयारीसाठी लातूरला माझ्याकडं राहायला आला. नांदेडात क्लासेसची वाण आहे असं नाही. उलट लातूरकडची कितीतरी पोरं नांदेडात खोल्या करून राहतात. पण पोरगं घरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब नेऊन टाकल्याशिवाय त्याला विद्या चढत नाही, असं दोन्ही गावांतल्या बापांचं ठाम मत आहे. त्यामुळं रोज समोरासमोरून जाणाऱ्या दोन एसट्यांतून दोन्हीकडचे डबे, दोन्हीकडचे लाडू आणि दोन्हीकडच्या आया उलटसुलट ये-जा करत असतात.

पोरगं गुणी, पण बोलायचं नाही. लातूर पॅटर्नच्या नावानं महाराष्ट्रभर दबदबा असलेल्या या शहरात पोरं अभ्यास फार करतात हे मला माहीत होतं, पण ती तोंडही मिटून घेतात हे घरात पोरगं आल्यावर कळलं. 'पेपर कसा गेला?' गप्प. 'बरं वाटतंय का?' गप्प. बायकोनं विचारलं, "भाजी कोणती करू रे?" तर म्हणाला, "ऑप्शन काय हैत?" तिनं दोडका, गवार, वांगं आणि पिठलं असे चार सांगितले, तेव्हा तो पिठल्यावर थांबला. दोडक्याच्या दिवशी 'वरीलपैकी एकही नाही' असं पुटपुटल्याचं मी स्वतः ऐकलंय.

दाजींना फोनवर काही कळेना. "पोरगं बोलतच नाही पाव्हणं. डॉक्टर हून करावं काय? पेशंटशी तर बोलावं लागंल ना?" मी म्हटलं, अजून व्हायचाय तो डॉक्टर. पण दाजींनी धसकाच घेतला. शेवटी एका रात्री मीच भाच्याला गच्चीवर गाठलं. म्हटलं, बाबा, तुला कसला त्रास आहे? विचारलं तर उत्तर का देत नाहीस?

"मामा, निगेटिव्ह मार्किंग असतंय."

बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा, सोडून दिलं तर शून्य. एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण. "सर म्हणतेत, खात्री नसंल तर हात लावायचा नाही. तुम्ही सकाळी विचारलाव, भाकरी खाणार का चपाती. माझी खात्री नव्हती. सोडून दिलो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं साठ वर्षांचं बोलणं या हिशोबानं तपासायचं ठरवलं तर? निवडणुकीत कोण येणार हे मी प्रत्येक वेळी आदल्या दिवशी ठामपणे सांगितलेलं आहे. पाऊस मृगात पडणार का आर्द्रात, शेजारच्या वकिलाच्या पोराचं लग्न कुठं जुळणार, कंबर दुखते त्यावर कुठला पाला बांधावा, सोयाबीनचा भाव दिवाळीनंतर चढणार का उतरणार, एकही प्रश्न मी आजवर सोडलेला नाही. सोयाबीनच्या बाबतीत तर माझ्या सल्ल्यानं माल धरून ठेवलेले दोन चुलतभाऊ अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. फक्त लग्नाच्या पंगतीत बसून सांगितलेल्या राजकारणाचे गुण मोजले, तरी उणे दोनशे कुठं गेले नाहीत. आणि मी एकटा नाही. आमच्या पारावर, टपरीवर, बँकेच्या रांगेत बसलेल्या कुणाही माणसाला कुठलाही प्रश्न विचारा, 'मला माहीत नाही' हे उत्तर मिळणार नाही. चुकलं तरी वजा काही होत नाही म्हटल्यावर कोण सोडतो?

सकाळी मी दाजींना सांगितलं, पोराला काही झालेलं नाही, झालंय ते आपल्याला. दाजी म्हणाले, "हाव, बघू." म्हणजे त्यांना पटलं नव्हतं. नीट होऊन गेली, पोरगं नांदेडला परतलं आणि आठवड्याभरात दाजींचा फोन आला. संवाद कौशल्याचं एक दिवसाचं शिबिर आहे, भाच्याचं नाव घातलंय, आणि दोघांना मिळून सवलत असल्यानं दुसरं नाव तुमचं. मी निघालो. या वेळी लोह्याचा उच्चार केला नाही, कारण शिबिरच स्पष्ट बोलण्याचं होतं. 'अहमदपुरात आहे' असं सांगितलं. होतो चाकुरात.

शिबिराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत 'व्यक्तिमत्व विकास' लिहिलेलं. व्यक्तिमत्त्वातला एक त दारातच गळालेला. विकासाला जागा हवी म्हणून काढला असेल. शिकवणारे सर कोट घालून आले होते. मे महिन्यात नांदेडात कोट घालणारा माणूस एक तर नवरदेव असतो नाही तर बाहेरगावचा. सर दुसरे निघाले. बोलले मात्र छान. आधी विचार करा, मग बोला, नेमकं बोला, नको असेल तर सरळ 'नाही' म्हणा, असं त्यांचं सूत्र होतं. ऐकायला सोपं. मग त्यांनी जोड्या लावल्या. एकानं उसने पैसे मागायचे, दुसऱ्यानं कसलंही कारण न देता फक्त 'नाही' म्हणायचं.

माझ्या जोडीला मुखेडकडचे एक खतांचे दुकानदार आले. तीस वर्षं उधारीवर दुकान चालवलेला माणूस. पोराच्या आग्रहानं आले होते, पुढच्या ओळीत घाम पुसत बसले होते. मी पाच हजार मागितले. ते माझ्याकडं बघत राहिले. सर म्हणाले, "म्हणा, नाही." दुकानदारांनी तोंड उघडलं, "न..." आणि परत मिटलं. "माल आला की बघू," ते म्हणाले. सर म्हणाले, "बघू नाही. नाही म्हणा." "दोन दिवस थांबा." "नाही म्हणा!" सभागृह बघत होतं. दुकानदारांच्या कपाळावरून घाम टपटपत होता. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि पाचशेच्या दहा नोटा मोजून माझ्या हातावर ठेवल्या. "सर," ते म्हणाले, "तोंडावर नाही म्हणण्यापरीस हे सोपं है."

पैसे मी मधल्या सुट्टीत परत केले. त्यांनी 'ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या' असं तीनदा म्हणून घेतले.

मग सरांनी विचारलं, "स्पष्ट विचार करणारी एखादी व्यक्ती सांगा." हा प्रश्न नांदेडात विचारायला नको होता. पोरांनी दोन क्रिकेटवीर आणि एका मोबाईल कंपनीचा मालक सांगितला. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले आणि फक्त म्हणाले, "कुरुंदकर." सर म्हणाले, "छान. ते कुठल्या फील्डमध्ये असतात?"

सभागृहात जी शांतता पसरली ती शिबिरातला सर्वांत परिणामकारक संवाद होता. नरहर कुरुंदकर नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवायचे, पुढं तिथंच प्राचार्य झाले. 'जागर' आणि 'शिवरात्र' लिहिणाऱ्या या माणसाची एक रीत होती. समोरच्याचं म्हणणं खोडायच्या आधी ते त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचे. इतकं चांगलं, की समोरचा खुर्चीत रेलून बसायचा, आणि मग एकेक खुंटी निघायला लागायची. 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचं निधन झालं, वयाची पन्नाशीही झालेली नव्हती. आजही नांदेडात सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही गृहस्थाशी दहा मिनिटं बोला, 'गुरुजींशी माझा एकदा जोरदार वाद झाला होता' हे वाक्य येतंच. कोण जिंकलं, हे कुणी सांगत नाही. तेवढ्या एका प्रश्नाला नांदेडकर निगेटिव्ह मार्किंग मानतात.

दुपारी जेवायला मी भाच्याला घेऊन गुरुद्वाऱ्यात गेलो. हुजूर साहिबचा लंगर नांदेडकरांना नवा नाही, पण मला तो दर वेळी एक धडा शिकवतो आणि मी दर वेळी तो विसरतो. आपल्याकडं पंगतीची भाषा ठरलेली आहे. वाढणाऱ्यानं 'वाढू का?' विचारायचं, आपण 'नको नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की 'आहो, पोट भरलं' म्हणत ताटावर हात आडवा धरायचा, बोटांत फट ठेवून. तिसऱ्यांदा वाढणारा त्या फटीतून पोळी सोडतो आणि आपण 'काय हे!' म्हणून ती खातो. तीन नकारांचा मिळून एक होकार होतो, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. लंगरमधला सेवादार पोळ्यांची परात घेऊन समोर आला. मी सवयीनं म्हणालो, "नको नको." तो पुढं गेला. गेलाच! मी मान वळवून बघत राहिलो. माणसानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. थोड्या वेळानं दुसरा आला. माझ्या तोंडून पुन्हा 'नको' निसटलं. तोही गेला. शेजारी भाचा न बोलता दोन्ही हात पुढं करायचा, हातावर पोळी पडायची, खायचा, परत हात पुढं. तिसऱ्या खेपेला मी तोंड घट्ट मिटून घेतलं आणि दोन्ही हात पसरले.

"जमलं मामा," भाचा म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य.

संध्याकाळी खतवाले दुकानदार चहाच्या टपरीवर भेटले. त्यांना सरांचा राग नव्हता, पण एक शंका होती. म्हणाले, "बोलून स्पष्ट होतंय म्हणतेत सर. मग जनावरांच्या बाजारात काय होतंय?" त्यांचे वडील बैलांचा व्यापार करायचे. पोरवयात ते वडिलांबरोबर बाजार हिंडलेले. तिथं सौदा उपरण्याखाली होतो. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा हात कापडाखाली एकमेकांत, आणि भाव बोटांनी. कुठलं बोट किती दाबलं, दोन धरली का तीन, मुठीवर टेकवलं का सोडलं. वर दोघांचे चेहरे दगडासारखे. भोवती पन्नास माणसं उभी असतात, कुणाला कळत नाही. शब्द एकही नाही, आणि हजाराचा भाव रुपयाला चुकत नाही. "कारण चुकलं तर बैल जातोय," दुकानदार म्हणाले. "मग ते उपरणं काढलं की आमचे वडील बोलायला लागायचे. लै बोलायचे. पण त्यातलं काही खरं नसायचं."

भाच्यानं हे फार लक्ष देऊन ऐकलं. परतताना त्यानं मला विचारलं, कुठलं बोट म्हणजे शंभर? मला माहीत नव्हतं. मी तर्जनी सांगितली.

लातूरकरांवर मी इतकं बोललोय, तर एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगितली पाहिजे. माझ्या आठवणीत हे शहर एकदा स्पष्ट बोललेलं आहे. 2016 चा उन्हाळा. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणांवर 144 कलम लागलं होतं, पाचांहून जास्त माणसं जमायची नाहीत. त्या दिवसांत गल्लीत कुणी कुणाला 'काय चाललंय?' असं विचारत नव्हतं. "आलं?" एवढाच प्रश्न, आणि "नाही" एवढंच उत्तर. काय आलं, कुणाचं आलं, हे विचारायची गरज नव्हती. लालो-काळ शहरातून हद्दपार झाला होता. टँकरवाल्यानं 'यायलालो' म्हटलं असतं तर लोकांनी त्याला घरून उचलून आणलं असतं. मग 11 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या रात्री लातुरात बरीच घरं जागी होती. माझा रेल्वेतला एक मित्र फोन करत होता आणि मी त्याला तोच जुना प्रश्न विचारत होतो, कुठवर आली? पंढरपूर सुटलं. कुर्डुवाडी. बार्शी. दर वेळी जे गाव सांगितलं, गाडी त्याच गावात असायची. असं येणं आम्हाला नवीन होतं. 12 तारखेला पहाटे गाडी लातूरला लागली, तेव्हा मित्राचा शेवटचा फोन आला. "आलं," तो म्हणाला. पुढं कुणालाच काही बोलायला सुचलं नाही.

पाऊस पडला, धरणात पाणी आलं, आणि आम्ही पुन्हा यायलालो.

गेल्या महिन्यात बहिणीकडं सत्यनारायण होता. भाचा चार दिवसांसाठी माझ्याकडं आलेला, त्याला बरोबर घेऊनच निघायचं होतं. सकाळी साडेसातला दाजींचा फोन वाजला तेव्हा माझ्या दोन्ही गालांना साबण होता. भाच्यानं फोन उचलला. मी हातातल्या ब्रशनं त्याला खुणा केल्या, लोहा, लोहा सांग. त्यानं माझ्याकडं बघितलं. प्रश्न सोपा होता, आणि उत्तराची त्याला पूर्ण खात्री होती.

"मामा घरीच हैत," तो म्हणाला. "दाढी करूलालेत."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग दाजी म्हणाले, "असं का? मग मी बी जरा पडतो. भटजी लोह्यात हैत म्हणूलालेत."

नऊची एसटी मिळाली. साडेअकराच्या पुढं गाडी लोह्याच्या स्थानकात शिरली आणि चालक-वाहक चहाला उतरले. मी खिडकीतून बाहेर बघितलं. भज्यांचा गाडा, दोन शेळ्या, आणि पिवळ्या पाटीवर ठसठशीत अक्षरांत लोहा. इतकी वर्षं मी ज्या गावात राहत होतो ते गाव मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. एवढी संधी वाया घालवणं बरं नव्हे म्हणून दाजींना फोन लावला.

"दाजी, लोह्यात आलो."

"बरं बरं," दाजी म्हणाले. "निघा मग आता घरातून."